वन्सं, तुमच्या नावाला मी नको म्हटलं

वन्सं, तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत आणि कॅनडातल्या या हॅमिल्टन गावात तुमच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी उरलेलं नाही. मला याचीच धास्ती वाटते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. म्हैस म्हटलं म्हणून रागावू नका, तुम्ही असतात तर आधी तुम्हीच हसला असतात. फ्युनरल होममध्ये त्या दिवशी जे जे उठून बोलले, त्यातल्या निम्म्यांनी तुमचे फोन घेणं कधीच बंद केलं होतं. ‘डॉक्टर कुमुद वॉज अ फोर्स,’ असं एक जण छातीवर हात ठेवून म्हणाला. हाच माणूस तुमच्या पाठीमागे तुम्हाला ‘दॅट वुमन’ म्हणायचा, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी पहिल्या रांगेत तुमच्या भावाचा हात धरून बसले होते आणि रडायचं सोडून मान वळवून एकेकाचे चेहरे बघत होते. इतकी वर्षं तुम्ही मला शंकासूर म्हणत आलात. मग शेवटच्या दिवशी तरी मी वेगळं काय करणार होते?

आणि माझ्या शंकांना सुरुवात तुमच्यापासूनच तर झाली. आम्ही नवराबायको नवे नवे आलो होतो. तुम्हीच स्पॉन्सर केलं होतंत आम्हाला. अपार्टमेंट मिळालं तेही तुमच्याच ओळखीनं. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात, बूट काढलेत आणि कोट अंगात असतानाच सरळ जाऊन फ्रिज उघडलात. न विचारता! आत होतं काय, तर दूध, लोणचं आणि अर्धा कोबी. तुम्ही वाकून सगळं बघितलंत, ‘हं’ म्हणालात आणि दार लावलंत. नणंद आली की भावजयीचे डबे उघडते, हे मला माहेरून शिकवूनच पाठवलं होतं. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात माझा तो सबंध आठवडा गेला. पुढे कित्येक वर्षं तुम्ही येणार असं कळलं की मी आधी फ्रिज पुसून घ्यायची.

तुम्ही मुलांच्या डॉक्टर आणि ही तुमची तपासायची रीत होती, हे मला फार उशिरा कळलं. खालच्या गावात, स्टीलच्या कारखान्यांजवळ तुमचं क्लिनिक होतं. पोट दुखतं म्हणून शाळेतून पाठवलेली मुलं तुमच्याकडे यायची आणि पोटात काही सापडायचं नाही. मग तुम्ही त्यांच्या घरी जायचात. चहा घ्यायचात, मुलाशी खेळायचात आणि हळूच फ्रिज उघडायचात. मी एकदा तुम्हाला म्हटलं, ‘अहो, सरळ आईला विचारावं ना, मूल सकाळी काय खातं म्हणून.’ तुम्ही म्हणालात, ‘आईला विचारलं की आई चांगलंच सांगणार. फ्रिजला लाज वाटत नाही.’ हे मला पटलं. पण माझ्या घरचा फ्रिज तुम्ही डॉक्टर म्हणून उघडलात की नणंद म्हणून, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. दोन्ही असणार, असं मला अजूनही वाटतं.

आपलं भांडण त्या पोटदुखीवरूनच सुरू झालं आणि अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. रिटायर झाल्यावर माणसं फ्लोरिडाला जातात, ब्रिज खेळतात. तुम्ही स्कूल बोर्डाच्या पाठी लागलात. म्हणे प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला सकाळी वर्गात नाश्ता मिळाला पाहिजे. प्रत्येक मुलाला, कुणालाही काही न विचारता. मी म्हणायची, प्रत्येकाला कशाला? गावाच्या वरच्या अंगाला, माउंटनवर राहणाऱ्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या मुलांना फुकट ओटमील आणि केळं कशासाठी? ज्यांना हवं असेल त्यांनी मागावं, अर्ज करावा. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही!

ते ऐकून तुम्ही माझ्या किचनमध्ये चमचा आपटला होतात, आठवतं? ‘सुधा, जी आई मूल रडेपर्यंत थांबते ना, तिला मी क्लिनिकमध्ये झापते. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते, पहिली नव्हे. त्याआधी मूल तोंड वळवतं, मुठी चोखतं, नुसतं बघत राहतं. ज्याला बघता येतं त्याला रडायची वाट बघावी लागत नाही.’

‘मुलं शाळेत गेली म्हणजे तान्ही राहिली का?’ मी म्हटलं.

‘मोठी झाली की रडायचंही बंद करतात,’ तुम्ही म्हणालात आणि चहा तसाच टाकून निघालात.

बोर्डाचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते गरजच नव्हती. शिक्षकांनी वर्गावर्गात विचारलं होतं, आज सकाळी कोण न खाता आलंय, हात वर करा. बोटांवर मोजण्याइतकेच हात वर झाले. बोर्ड खूश. मलाही ते खरं वाटलं होतं, कारण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझा जन्म गेला. तपासलं, आलं नाही, म्हणजे नाही. तुम्ही मात्र माझ्याकडे बघून हसायला लागलात. ‘तू सांगतेस हे? तू? तू कधी पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणाली आहेस का?’

तेव्हा मला कळलं की माझी गोष्ट तुमच्या डोक्यात अजून ताजी होती.

ती गोष्ट मी मीराला, म्हणजे आमच्या लेकीला, कित्येकदा हसत सांगितली आहे. पण ती घडत होती तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. तुम्हीच मला कोर्सला घातलंत आणि तुमच्याच शब्दावर मला लॅबमध्ये नोकरी लागली. पहिला विंटर. सकाळची बस पकडायची म्हणून मी काही न खाता निघायची. अकराच्या सुमाराला कुणीतरी घरून केलेला केक, सँडविचं आणायचं आणि ताट फिरवायचं. ‘वुड यू लाइक सम, सुधा?’ मी म्हणायची, ‘नो, थँक यू.’ आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कोण हो म्हणतं? नको म्हणायचं, मग समोरच्यानं आग्रह करायचा, परत नको म्हणायचं, मग तिसऱ्यांदा अगदी नाइलाज झाल्यासारखं थोडंसं घ्यायचं. मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभी राहायची आणि ताट पुढे निघून जायचं. कितीतरी ताटं अशी माझ्यासमोरून गेली. शेवटी कुणीतरी ठरवलं की हिच्या धर्मात हे चालत नसावं. मग माझा मान राखायला त्यांनी मला विचारायचंच सोडून दिलं! ही इतकी चांगली माणसं, आणि मी उपाशीपोटी मायक्रोस्कोपखाली काचा सरकवते आहे.

तुम्हाला सांगताना मला रडू आलं होतं. तुम्ही आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, मग मला जवळ घेतलंत. ‘इथे पहिल्यांदाच हो म्हणायचं असतं गं. इथे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे त्यांना आगाऊपणा वाटतो.’ आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ड्यूटीवर जाता जाता आमच्या दारात डबा ठेवायला लागलात. बेल न वाजवता. त्या विंटरला तुम्ही मला जगवलंत, वन्सं. हे मी तुम्हाला कधीही बोलून दाखवलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती आणि तुम्ही लगेच काहीतरी टोमणा मारला असतात.

पण मग तुम्ही ती गोष्ट बोर्डाच्या मीटिंगमध्ये सांगितलीत. मोतीबिंदूमुळे तुम्हाला संध्याकाळी दिसत नव्हतं, म्हणून मी गाडी चालवत तुम्हाला घेऊन गेले होते आणि मागे बसले होते. तुम्ही माइकसमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘अ रिलेटिव्ह ऑफ माइन...’ आणि सगळं सांगितलंत. ताट, केक, नो थँक यू, सगळं. लोक हसले. तुम्ही पुढे म्हणालात की ती बाई सुशिक्षित होती, नोकरी करत होती, तरी तिला ‘हो, मला भूक लागली आहे’ म्हणता आलं नाही, मग सात वर्षांच्या मुलानं भर वर्गात हात कसा वर करावा? तेव्हा ते हसायचे थांबले, पण माझे कान तापलेलेच होते. परत येताना माउंटनच्या चढावर मी गाडी उगाच जोरात दामटली.

‘नाव नाही घेतलं हं तुझं,’ तुम्ही म्हणालात.

‘घ्यायला काय झालं होतं?’ मी म्हटलं.

तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. मला राग कशाचा आला होता, गोष्ट सांगितली याचा की नाव घेतलं नाही याचा, हे माझं मलाच सांगता येत नाही. तुम्हाला मात्र कळलं असणार. तुम्हाला सगळं कळायचं आणि तुम्ही ते पुढेमागे वापरायला जपून ठेवायचात, असा माझा तुमच्यावर आरोप आहे.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये तुम्ही अगदी हलक्या झाल्या होतात. मी मऊ भात घेऊन आले होते, वर मेतकूट आणि तूप. तुम्ही म्हणालात, ‘नको, सुधा.’ मी म्हटलं, ‘दोन घास.’ ‘नको.’ मी चमचा पुढे केला. ‘एक तरी घ्या, वन्सं. माझ्यासाठी.’ तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. ‘अगं, खरंच नको.’ उभ्या जन्मात तुमचं नको मी कधी पहिल्या फटक्यात मानलं नव्हतं. त्या दिवशी पहिलं नकोच खरं होतं. मी डब्याला झाकण लावलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मग तुम्ही पाठीमागून म्हणालात, ‘पुढच्या महिन्यात बोर्डाचं मतदान आहे. जाऊन बस. बोलायचं नाही, नुसतं बसायचं.’ मी हो म्हटलं. आणि तेव्हाच माझ्या मनात आलं, या बाईनं आयुष्यात कुणाला नुसतं बसवलेलं नाही.

तुमचा दहावा व्हायच्या आत ब्रेंडा घरी आली. तीच ती स्कूल बोर्डाची ट्रस्टी, जी तुमच्या प्रत्येक भाषणानंतर ‘वी आर ऑल मूव्ह्ड’ म्हणायची आणि मत विरुद्ध द्यायची. लझान्या घेऊन आली होती. अंडं नाही, मांस नाही, आधी मीराला फोन करून विचारून केलेला. एवढी तयारी बघूनच मला काहीतरी काळंबेरं वाटलं. डोळे पुसत म्हणाली, देशाचं दीडशेवं वर्ष आहे, अशा वर्षी डॉक्टर कुमुदसारख्या इमिग्रंट बाईचं नाव या योजनेला द्यावं असं मी सुचवणार आहे. डॉक्टर कुमुद ब्रेकफस्ट प्रोग्रॅम. शाळेशाळेत पाटी, तुमचा फोटो. फॅमिलीची संमती हवी.

तुमचे बंधुराज तर विरघळलेच. ‘ताईचं नाव,’ एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून बसले.

मी चहा ओतत विचारलं, ‘म्हणजे आता सगळ्या मुलांना मिळणार?’

‘येस, येस,’ ब्रेंडा म्हणाली. ‘फॉर एव्हरी फॅमिली दॅट साइन्स अप, ऑफ कोर्स.’

त्या ‘ऑफ कोर्स’पाशी माझा हात थांबला. पाणी मुरत होतं ते इथे. ज्यांना हवं असेल त्यांनी अर्ज करायचा. म्हणजे पाटीवर तुमचं नाव आणि पाटीखाली तुम्ही जन्मभर ज्याला नाही म्हणालात ते. आणि एकदा का तुमचं नाव लागलं की त्याविरुद्ध बोलणार कोण? बोलणारा म्हणजे तुमच्या स्मृतीचा अपमान करणारा! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. गंमत बघा वन्सं, ती जे म्हणत होती ते शब्दशः माझंच म्हणणं होतं. वर्षानुवर्षं याच किचनमध्ये मी तुमच्याशी ज्यावरून भांडले, ते आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला असं का वाटलं की कुणीतरी ताट घेऊन माझ्यासमोरून पुढे चाललंय?

मीराला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘आई, इट्स ॲन ऑनर. व्हाय आर यू सो सस्पिशस ऑफ एव्हरीवन?’ मी म्हटलं, ‘कारण तुझ्या आत्यानं सगळ्यांवर विश्वास ठेवला. घरात एकीनं तरी शंका घ्यायला नको?’ हे काही खरं नाही, मला माहीत आहे. तुम्ही कुणावर विश्वास ठेवत नव्हतात. तुम्ही फ्रिज उघडत होतात.

आणि हेही लिहून टाकते, कदाचित ब्रेंडा खरंच रडली असेल. तिचा रुमाल ओला होता. मी बघितला.

मीटिंगमध्ये बोलणाऱ्यांत तुमचं नाव आधीच लागलेलं होतं. तुमच्या जागी कुटुंबातल्या कुणी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. आभार तुमचे बंधुराज मानणार होते. मी नुसती शेजारी उभी राहणार होते. ते माइकपाशी गेले, ‘माय सिस्टर’ म्हणाले आणि हातातला कागद उलटसुलट करत राहिले. अध्यक्ष म्हणाले, ‘टेक युवर टाइम.’ सगळे मान खाली घालून थांबले. मी त्यांना हळूच बाजूला केलं.

मी म्हटलं, मागे डॉक्टर कुमुदनी तुम्हाला एका नातेवाईक बाईची गोष्ट सांगितली होती. केकचं ताट समोरून जायचं आणि ती नो, थँक यू म्हणायची. तुम्ही हसला होतात. ती बाई मी आहे. मला तेव्हा भूक लागली होती. मी शिकलेली होते, पगार घेत होते आणि ताट धरणारी माणसं प्रेमळ होती. तरी मला हो म्हणता आलं नाही. स्टीलच्या कारखान्यातून काढून टाकलेल्या बापाला अर्जावर सही करता येईल, असं तुम्हाला वाटतं? आमच्याकडे आग्रहाची रीत आहे, तुमच्याकडे नाही. पण लाज दोन्हीकडे सारखीच आहे. मला जेवण मिळालं ते कुणी विचारलं म्हणून नाही. माझ्या नणंदेनं न विचारता दारात ठेवलं म्हणून मिळालं. तेव्हा मुलांना न विचारता द्या. अर्ज ठेवणार असाल तर आमचं नाव आम्हाला परत द्या.

बोलता बोलता माझं इंग्लिश साफ कोलमडलं होतं. आवाज चिरकला होता. ब्रेंडानं पुढे वाकून विचारलं, ‘आर यू शुअर? यू डोन्ट वॉन्ट हर नेम ऑन इट?’

‘नो, थँक यू,’ मी म्हटलं.

‘सुधा, प्लीज. वी रिअली वॉन्ट टु ऑनर हर.’

वन्सं, या देशात इतकी वर्षं काढली, आणि पहिल्यांदाच मला कुणीतरी दुसऱ्यांदा विचारलं. मला तुमचा फोटो दिसला, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लावलेला, खाली पितळेची अक्षरं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की काय, याची मला आजही खात्री नाही. जन्माची सवय आहे. पण मी पुन्हा नो म्हटलं, आणि अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

अर्जाची अट मतदानात गळून पडली. ठराव काठावर पास झाला. सप्टेंबरपासून, आधी खालच्या गावातल्या शाळांत, वर्गातल्या प्रत्येक मुलाला. नाव कुणाचंच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत विरुद्ध मत देणारेही होते.

गाडीत तुमचे बंधुराज पट्टा लावता लावता म्हणाले, ‘ताईला नाव आवडलं असतं.’

‘आवडलंच असतं,’ मी म्हटलं. तुम्हाला कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोला? पाटीवर आपलं नाव बघून तुम्ही मान तिरकी करून उभ्या राहिला असतात, आणि मग मला विचारलं असतंत, अक्षरं जरा बारीकच काढलीत नाही का गं? ते मी तुमच्याकडून काढून घेतलं. घरी आल्यावर मी बाथरूमचं दार लावून पोटभर रडले. तुम्ही गेलात तेव्हा जे राहिलं होतं, तेही सगळं.

आपलं भांडण मात्र मिटलेलं नाही. डॉक्टरांच्या मुलांना केळी कशाला, हे मला अजून नीटसं पटत नाही. समोर बसून पटवून द्यायला तुम्ही असायला हव्या होतात. आणि ‘नुसतं बस’ म्हणताना हे सगळं होणार हे तुम्हाला माहीत होतं का, तेही सांगायला हवं होतंत.

सप्टेंबर यायला अजून वेळ आहे. तोवर बजेटं बदलतात, माणसं बदलतात, ठराव कपाटात जातात. पास झालं म्हणून मी विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. शाळा सुरू झाल्या की मी खालच्या गावातल्या त्या पहिल्या शाळेत जाणार आहे. ऑफिसात वही असते, तिथे सही करीन. मुख्याध्यापक बाई म्हणतील सगळं छान चाललंय, मी मान डोलवीन. मग कोट अंगात असतानाच सरळ त्यांच्या किचनमध्ये जाईन आणि फ्रिज उघडून बघीन. कुणालाही न विचारता.